जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (जन्म : ६ ऑगस्ट १९४३, आल्टाडीना, कॅलिफोर्निया, मृत्यू : १६ ऑक्टोबर १९९८, लॉस एंजेलिस) हे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटची नियमपत्रे ज्या मालिकेत प्रसिद्ध होतात त्या आरएफसी मालिकेचे ते आरंभापासून मृत्यूपर्यंत संपादक होते. जाळ्यावरील पत्ते, क्रमांक आणि नावे यांची नोंदवहीही त्यांच्याच हाती होती. इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीचा, म्हणजे आज आयपीव्ही४ या नावाने परिचित असलेल्या नियमसंचाचा, प्रमाण मसुदा त्यांनी सिद्ध केला. त्यापूर्वीचा एनसीपी हा प्रोटोकॉल सबंध जाळ्यावर बंद करण्याची योजनाही त्यांनीच लिहिली आणि ती १ जानेवारी १९८३ रोजी अमलात आली. जाळ्याने आपला मूळ प्रोटोकॉल ठरलेल्या दिवशी एकदम टाकून दिल्याचा दुसरा प्रसंग इंटरनेटच्या इतिहासात नाही.

शिक्षण व आरंभीचे कार्य

पोस्टेल यांचे शालेय शिक्षण लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये झाले. पुढे इंटरनेटच्या उभारणीत ज्यांची नावे त्यांच्याबरोबर घेतली गेली ते व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून पोस्टेल यांनी १९६६ साली अभियांत्रिकीची पदवी, १९६८ साली पदव्युत्तर पदवी आणि १९७४ साली संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. संगणकांमधील संदेशवहनाच्या नियमांचे गणिती आलेखांच्या साहाय्याने विश्लेषण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत ते विद्यार्थी असतानाच, १९६९ साली, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने निधी पुरवलेल्या अर्पानेट या जाळ्याचे पहिले केंद्र तेथे उभे राहिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे पहिला संदेश गेला. लॉगिन या शब्दाची दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. दुरुस्तीनंतर त्याच रात्री संपर्क पूर्ण झाला.

पदवीनंतरच्या काही वर्षांत पोस्टेल यांनी दोनतीन ठिकाणी काम केले. त्यांत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील डग्लस एंगेलबार्ट यांच्या गटाचा समावेश होता. १९७७ च्या मार्चमध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेत रुजू झाले. मरीना डेल रे येथील समुद्रकाठच्या या संस्थेत त्यांनी उरलेले सर्व आयुष्य काढले. लांब दाढी, पायांत सँडल आणि सभासमारंभांविषयी उदासीनता अशी त्यांची प्रतिमा समकालीनांच्या आठवणींतून उमटते. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पाठीवर बिऱ्हाड घेऊन भटकणे हा त्यांचा आवडता छंद होता.

आरएफसी मालिकेचे संपादन

एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी आरएफसी क्रमांक १ लिहिला. हे तरुण विद्यार्थ्यांनी एकमेकांसाठी केलेले टिपण होते. त्यामागे कोणाचा हुकूम नव्हता, म्हणून त्याला नाव मिळाले ते अभिप्रायांची विनंती असे विनम्र अर्थाचे. पुढे हीच मालिका इंटरनेटची संहिता ठरली. तिचे संपादन पोस्टेल यांनी अंगावर घेतले आणि ते अखेरपर्यंत उतरवले नाही. मसुदा कोठून आला यापेक्षा तो वाचून एखाद्या परक्या माणसाला तसाच प्रोग्राम लिहिता येईल का, हे ते पाहत. संदिग्ध वाक्य असलेला मसुदा लेखकाकडे परत जाई. एकदा प्रसिद्ध झालेले पत्र पुन्हा बदलायचे नाही, सुधारणा हवी असल्यास नव्या क्रमांकाचे पत्र काढायचे, हा दंडक मालिकेत आजही पाळला जातो. त्यामुळे कोणता नियम केव्हा केला गेला आणि केव्हा रद्द झाला याचा माग तारखेनिशी काढता येतो.

त्यांचे स्वतःचे लेखनही विपुल आहे. १९८० चा यूडीपी, १९८२ चा ई-मेलसाठीचा एसएमटीपी, १९८५ साली जॉइस रेनॉल्ड्स यांच्यासह लिहिलेला फाइल हस्तांतरणाचा एफटीपी हे नियमसंच त्यांच्या नावावर आहेत. पाठवणाऱ्याने नियम काटेकोर पाळावेत आणि घेणाऱ्याने दुसऱ्याच्या लहानसहान चुका पोटात घालाव्यात, हे त्यांनी टीसीपीच्या मसुद्यात घातलेले सूत्र पोस्टेलचा नियम म्हणून ओळखले जाते. अलीकडे सुरक्षेच्या दृष्टीने त्यावर टीका होते, कारण चुका पोटात घालणारा प्रोग्राम खोडसाळ संदेशही स्वीकारण्याचा संभव असतो. मात्र निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळ्या यंत्रांवर लिहिलेले प्रोग्राम परस्परांशी बोलू लागले, ते बऱ्याच अंशी या सूत्रामुळे, हेही टीकाकार मान्य करतात.

चौथी आवृत्ती

टीसीपीची मूळ कल्पना व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट काहन यांची. वृत्तपत्रांत पोस्टेल यांना कधीकधी इंटरनेटचे जनक म्हटले जाते. ती अतिशयोक्ती आहे आणि त्यांनी स्वतः तसा दावा केला नव्हता. परंतु एका निर्णायक वळणावर त्यांचा वाटा मोठा होता. आरंभी टीसीपी हा एकच प्रोटोकॉल दोन कामे करी : संदेशाचे तुकडे वाटेतल्या एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात नेणे, आणि दोन्ही टोकांना ते तुकडे क्रमाने व बिनचूक जुळले की नाही हे पाहणे. ऑगस्ट १९७७ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी ही सरमिसळ चुकीची असल्याचे ठामपणे मांडले. वाटेतल्या यंत्राला पत्त्यापुरतेच ठाऊक असावे, बाकीचा हिशेब टोकांनी ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. १९७८ साली हे विभाजन झाले. तुकडे नेणारा भाग इंटरनेट प्रोटोकॉल अथवा आयपी झाला आणि हिशेब ठेवणारा टीसीपी राहिला.

या पुनर्रचनेनंतर स्थिरावलेल्या आवृत्तीचा क्रमांक चार होता, म्हणून आयपीव्ही४. तिची प्रमाण संहिता सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ म्हणून निघाली. संपादक पोस्टेल होते. प्रत्येक तुकड्याच्या अगदी आरंभी चार बिटांत आवृत्तीचा क्रमांक लिहावा, अशी तीत तरतूद आहे. पत्र उघडण्यापूर्वी पाकिटावरची लिपी ओळखावी तसे यंत्र आधी हा अंक वाचते आणि मग पुढचे कसे वाचायचे ते ठरवते. यामुळे एकाच तारेवरून दोन आवृत्त्यांची वाहतूक सुखेनैव होऊ शकते. पाच हा क्रमांक पुढे ध्वनी व चित्रांच्या अखंड प्रवाहासाठीच्या एका प्रायोगिक प्रोटोकॉलला दिला गेला, आणि म्हणून चारनंतर थेट सहा आला.

आयपीव्ही४ मधील पत्ता ३२ बिटांचा आहे. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. जाळ्यावर काही शेकडा संगणक असताना हा आकडा न संपणारा वाटावा, यात नवल नव्हते.

एनसीपीची अखेर

१९७० च्या दशकात अर्पानेटवर एनसीपी चालत असे. तो एकाच जाळ्यापुरता रचलेला होता आणि ते जाळे संदेश हरवू देत नाही असे गृहीत धरून चाले. उपग्रह आणि रेडिओ यांवरची नवी जाळी त्याला जोडायची तर हे गृहीत टिकणारे नव्हते. संरक्षण खात्याने १९८० साली टीसीपी-आयपी स्वीकारला. तथापि निर्णय होणे वेगळे आणि प्रत्येक विद्यापीठातील, प्रयोगशाळेतील यंत्रावर तो उतरणे वेगळे. यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची, त्यांच्या कार्यप्रणाली निरनिराळ्या, आणि जुना प्रोटोकॉल उत्तम चालत असल्याने कोणालाही घाई नव्हती.

पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये आरएफसी ८०१ द्वारे स्थलांतराची योजना मांडली. तीत जानेवारी १९८२ ते जानेवारी १९८३ असा एक वर्षाचा अवधी होता. या काळात काही यंत्रे दोन्ही प्रोटोकॉल जाणणारी ठेवायची आणि त्यांनी दुभाष्याचे काम करायचे, म्हणजे केवळ जुने जाणणाऱ्या व केवळ नवे जाणणाऱ्या यंत्रांत ई-मेल, फाइली आणि दूरस्थ लॉगिन चालू राहील. दुभाषे कायमचे नाहीत, हेही योजनेत स्पष्ट होते. जुन्याला कायमचा आसरा दिला तर नवे कधीच रुजणार नाही, ही जाणीव तीमागे दिसते.

वर्ष सरत आले तरी बरीच केंद्रे स्वस्थ होती. १९८२ च्या मध्यास एनसीपीची वाहतूक एक दिवसभर मुद्दाम रोखण्यात आली, आणि पुढे शरदात दोन दिवस. ज्यांची यंत्रे त्या दिवशी मुकी झाली त्यांना तारीख खरी असल्याचे कळले. डिसेंबरपासून प्रत्येक यंत्राला टीसीपीतून हाक मारून कोण उत्तर देतो याची पाहणी सुरू झाली. तिचे निकाल आरएफसी मालिकेत ओळीने छापले जाऊ लागले. मागे राहिलेल्यांची नावे अशी चारचौघांत येत होती. १ जानेवारी १९८३ रोजी बदल अमलात आला. काही केंद्रांना थोड्या महिन्यांची सवलत द्यावी लागली. या धावपळीत तगून राहिल्याचे सांगणारे बिल्ले काही अभियंत्यांनी त्या वर्षी मिरवले.

हा बदल सक्तीने घडू शकला, कारण सर्व वाहतूक ज्या मधल्या यंत्रांतून जाई ती एकाच खात्याच्या ताब्यात होती आणि तेथे जुन्या प्रोटोकॉलचे संदेश अडवता येत होते. पोस्टेल यांची योजना शहाणपणाची होतीच, पण तिच्यामागे हा अधिकार नसता तर ती कागदावर राहिली असती, असे म्हणावे लागते.

क्रमांकांची नोंदवही

मे १९७२ मध्ये, विद्यार्थीदशेतच, पोस्टेल यांनी एक साधी सूचना केली होती : कोणती सेवा कोणत्या क्रमांकाच्या दारावर मिळेल हे एका व्यक्तीने ठरवून नोंदवावे. ते काम त्यांच्याकडेच आले. आरंभी ही नोंद वहीत होती; पुढे असाइन्ड नंबर्स या शीर्षकाने ती आरएफसी म्हणून निघत राहिली. या कार्याला इंटरनेट असाइन्ड नंबर्स अथॉरिटी, संक्षेपाने आयाना, असे भारदस्त नाव १९८० च्या दशकाच्या अखेरीस मिळाले. प्रत्यक्षात आयाना म्हणजे पोस्टेल, जॉइस रेनॉल्ड्स आणि मोजके सहकारी.

त्यांच्या कामाची पद्धत एका प्रसंगावरून कळते. जुलै १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी सुरक्षित लॉगिनसाठी एसएसएच हा प्रोग्राम तयार केला. एफटीपीचा क्रमांक २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा दिसल्याने त्यांनी त्यासाठी ई-मेलने विनंती केली. दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांच्याकडून क्रमांक मिळाल्याचे उत्तर आले. अर्ज, शुल्क, सुनावणी असे काही नव्हते. आज जगभरातील लिनक्स सर्व्हर ज्या दाराने उघडले जातात ते हेच बाविसावे दार.

देशांच्या नावांबाबतही पोस्टेल यांनी वाद टाळणारी युक्ती योजली. एखादा प्रदेश देश आहे की नाही हे आयानाने ठरवायचे नाही; आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या दोनअक्षरी संकेतांची यादी तेवढी प्रमाण मानायची. हे नाव सांभाळणारी संस्था त्या समाजाची विश्वस्त असेल, मालक नव्हे, हे तत्त्व त्यांनी मार्च १९९४ च्या आरएफसी १५९१ मध्ये नोंदवले. भारताचे .इन हे नाव १९८९ साली या यादीत दाखल झाले आणि त्याचा सांभाळ दीर्घकाळ मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने केला.

१९९८ चा वाद

१९९० च्या दशकात इंटरनेट व्यापारी झाले आणि नावांच्या नोंदणीला पैशाचे मोल आले. नोंदणीचे कंत्राट नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे होते. नावांच्या सर्वोच्च यादीची मूळ प्रत तिच्या यंत्रावर असे आणि जगातील इतर बारा मूळ सर्व्हर तिच्यावरून नक्कल घेत. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी या बारांपैकी आठ सर्व्हरांच्या चालकांना ई-मेल पाठवून यापुढे नक्कल आयानाच्या यंत्रावरून घ्यावी असे सुचवले. आठही जणांनी ते ऐकले. यादीतला मजकूर दोन्हीकडे सारखाच असल्याने सामान्य वापरकर्त्याला काहीही जाणवले नाही, परंतु वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हस्तक्षेप केला. ही चाचणी होती असे स्पष्टीकरण देऊन पोस्टेल यांनी थोड्याच दिवसांत सर्व पूर्ववत केले.

ही खरोखर चाचणी होती की सरकारच्या नव्या धोरणाला दिलेला इशारा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सरकारी मसुदा दोनच दिवसांनी जाहीर झाला, हा योगायोग डोळ्यांआड करता येत नाही. १९८३ साली त्यांच्या शब्दामागे खात्याचा अधिकार होता. १९९८ साली चालकांनी त्यांचे ऐकले ते केवळ विश्वासाने, आणि तेवढा विश्वास एका माणसावर असणे हेच शासनाला अस्वस्थ करणारे ठरले. नोंदवही संस्थेच्या हाती द्यावी, या मताचे पोस्टेलही होते. त्यासाठी आयकॅन या ना-नफा संस्थेची ३० सप्टेंबर १९९८ रोजी नोंदणी झाली. तिच्या घडणीत ते शेवटपर्यंत गुंतले होते.

मृत्यू व सन्मान

हृदयाची गळती झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी पोस्टेल यांचे निधन झाले. त्यांचे वय ५५ वर्षे होते. व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख आरएफसी २४६८ म्हणून, म्हणजे त्यांनी जपलेल्या मालिकेतच, प्रसिद्ध झाला. इंटरनेट सोसायटीचे ते पहिले वैयक्तिक सदस्य होते. या संस्थेने त्यांच्या नावाने सेवा पुरस्कार सुरू केला आणि १९९९ चा पहिला पुरस्कार त्यांनाच मरणोत्तर दिला. २०१२ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

सहावी आवृत्ती आणि लिनक्स सर्व्हर

आयपीव्ही४ चे पत्ते पुरणार नाहीत हे पोस्टेल यांच्या हयातीतच उघड झाले होते. १२८ बिटांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली आरएफसी १८८३ म्हणून निघाली. चाचणीसाठी तिचे पत्ते कसे वाटावेत याच्या पत्रांवरही त्यांचे नाव आहे. त्यांपैकी डिसेंबर १९९८ च्या आरएफसी २४७१ मध्ये सहलेखक म्हणून ते दिवंगत अशा नोंदीसह येतात. त्या पत्त्यांवर चालणारे सिक्सबोन हे प्रायोगिक जाळे ६ जून २००६ रोजी ठरल्याप्रमाणे बंद करण्यात आले. आयानाकडील चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले.

६ जून २०१२ रोजी अनेक मोठ्या कंपन्यांनी सहावी आवृत्ती कायमची सुरू केली. मात्र चौथी बंद करण्याची तारीख कोणीही ठरवली नाही, कारण ती ठरवू शकेल असा कोणी उरला नव्हता. परिणामी निर्णय एकेका सर्व्हरच्या व्यवस्थापकावर आला, आणि तो बहुधा उलट दिशेने घेतला जातो. लिनक्समध्ये दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी चालतात. एखाद्या नावाला दोन्ही प्रकारचे पत्ते असतील तर सर्वसाधारणपणे सहाव्याला प्राधान्य मिळते. तो मार्ग वाटेत कोठे तुटलेला असेल तर प्रोग्राम वाट पाहत राहतो, मग चौथ्याकडे वळतो, आणि सर्व्हर मंद झाल्याची तक्रार येते. दुसरे कारण सुरक्षेचे. आयपीटेबल्सचे चौथ्या आवृत्तीसाठी लिहिलेले नियम सहावीला लागू होत नाहीत. तिचे नियम वेगळे लिहावे लागतात. पुढचे दार कुलूपबंद आणि मागचे सताड उघडे, अशी अवस्था त्यातून होते. म्हणून अनेक जण कर्नलच्या सेटिंगमधील एक आकडा शून्याचा एक करून, किंवा यंत्र सुरू होतानाच सूचना देऊन, सहावी आवृत्ती बंद करतात.

हा उपाय सरसकट निर्धोक नाही. सहावी आवृत्ती असणारच असे धरून चालणाऱ्या काही सेवा त्यानंतर सुरूच होत नाहीत. एसएसएचमधून खिडक्या दाखवण्याची सोयही वेगळी सूचना दिल्याशिवाय अडते. अडचण केवळ प्राधान्याची असेल तर पत्त्यांचा पसंतीक्रम ठरवणारी फाइल बदलून चौथ्याला पुढे आणणे पुरते. शिवाय भारतात २०१६ नंतर जिओच्या प्रसारामुळे मोबाइलवरील वाहतुकीचा मोठा भाग सहाव्या आवृत्तीतून जातो. ती बंद असलेल्या सर्व्हरपर्यंत असे फोन मोबाइल कंपनीच्या दुभाष्या यंत्रणेमार्फतच पोहोचतात, म्हणजे १९८२ साली वर्षभरापुरती योजलेली तऱ्हा आता रोजची झाली आहे.

लिनक्समधील सहाव्या आवृत्तीचा भाग चौथीच्या घरातच बांधलेला आहे. सहावी बंद करण्यासाठी जसे एका ओळीचे सेटिंग आहे तसे आरएफसी ७९१ मधल्या चौथीसाठी नेहमीच्या वितरणांत मिळत नाही. त्याच यंत्रावरील सर्व्हिसेस नावाच्या फाइलीत एफटीपीपुढे २१, ई-मेलपुढे २५ आणि नावांच्या सेवेपुढे ५३ हे पोस्टेल यांच्या वहीतले क्रमांक आहेत, आणि प्रोटोकॉल्स नावाच्या फाइलीत टीसीपीपुढे ६ व यूडीपीपुढे १७.